रनिंग ग्रुप बांधताना आधी मागच्या माणसाचा विचार करा

धावण्याचे बहुतेक ग्रुप वेगापायी मोडतात. पहिल्या दिवशी उत्साहाने पंधरा जण येतात, त्यातले चार सुसाट निघतात, बाकीचे धापा टाकत एकेकटे पडतात आणि महिन्याभरात ते चारच उरतात. म्हणून मार्ग, वेळ, नियम सगळे मागच्या माणसाला धरून ठरवा. पुढच्यांची सोय आपोआप होते.

आठवड्यातले दोन दिवस निवडा, मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा. वार, वेळ आणि जागा बदलू नका. ‘उद्या आहे ना?’ असे विचारावे लागले की गळती सुरू झाली म्हणून समजा. दोघे आले तरी धावायचे, हेही आधीच ठरवून टाका.

अंतर ठरवू नका, मिनिटे ठरवा. एकूण 34 मिनिटांचे सत्र धरा आणि प्रत्येकाला घड्याळात 17 मिनिटांचा गजर लावायला सांगा. गजर वाजला की जो जिथे असेल तिथून मागे फिरेल. वेगवान मंडळी लांब गेलेली असतात, त्यांना परतीचे अंतरही जास्त पडते, त्यामुळे सगळे साधारण एकाच वेळी परततात. मागचे दमल्यामुळे दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो, तेवढा चालतो. सर्वांत मागे एक अनुभवी धावपटू हवाच. ही पाळी फिरती ठेवा. निघताना आणि परतल्यावर डोकी मोजणे हे त्याचेच काम.

नवख्यांसाठी त्या 34 मिनिटांची मांडणी अशी: 5 मिनिटे भरभर चालणे, मग 1 मिनिट धावणे आणि 2 मिनिटे चालणे अशा आठ फेऱ्या, शेवटी 5 मिनिटे सावकाश चालणे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांतच दम लागत असेल तर वेग जास्त आहे. दोन आठवड्यांनी 2 मिनिटे धावणे, 2 मिनिटे चालणे, सहा फेऱ्या. आणखी दोन-तीन आठवड्यांनी 3 आणि 1.

घोटाळा इथेच होतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडे आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. श्वास हलका झाला की माणूस एकदम दुप्पट धावतो आणि नडगी धरते. नडगीच्या आतल्या कडेला पसरलेली ठसठस असेल तर धावणे कमी करा. एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. दोन्ही पाय जड होणे, घाम, धाप हे नेहमीचेच. एका बाजूचे दुखणे किंवा चाल बदलायला लावणारे दुखणे अंगावर काढू नये.

मनाची उभारी कंटाळ्याच्या दिवशी लागते आणि त्या दिवसाचा नियम आधीच ठरलेला असावा लागतो. आमची शिफारस: शूज घालून ठरलेल्या जागी यायचे, दहा मिनिटे चालायचे, मग हवे तर घरी जायचे. कुणी कारण विचारायचे नाही आणि हजेरी पूर्ण धरायची. अंग गरम झाले की नकोसेपणा बहुधा ओसरतो. नाहीच ओसरला तर शरीराला खरोखर विश्रांती हवी आहे. ताप असेल तर मात्र येऊच नये. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

नोंद हजेरीची ठेवा, वेगाची नको. ग्रुपवर वेगाचे स्क्रीनशॉट पडू लागले की मागचे गप्प होतात, मग यायचे थांबतात.

खंड पडणारच. एक आठवडा चुकला तर होते तिथूनच पुढे; दोन-तीन आठवडे गेले तर एक टप्पा मागे; महिन्याहून जास्त झाला तर पहिल्या मांडणीपासून. परत आलेल्याला ‘इतके दिवस कुठे होता?’ असे कुणी विचारू नये. प्रश्न प्रेमाचा असतो, पण ऐकणाऱ्याला तो जाब वाटतो.

शेजारी-शेजारी धावताना माणसे मोकळी होतात. ऐकून घ्या, सल्ला आवरा. मात्र कुणाची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप उडाली, रोजची कामे होईनात, तर डॉक्टरांकडे जायला सोबत करा. धावणे हा त्यावरचा पुरेसा उपचार नाही. जगणे नको असे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी. बाकीच्यांनी त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहावे. नीट शुद्धीत नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.