गोबरगॅसच्या स्लरीवर शेवाळ, दोनदा मेलं मग जमलं

घरामागे 2 घनमीटरचा गोबरगॅस आहे, स्लरी शेतात जातेच पण म्हटलं थोडी क्लोरेलाला (पाण्यात वाढणारं बारीक हिरवं शेवाळ) घालून बघू, नत्र-स्फुरद त्यात फुकटचंच. 1 ला 5 पाणी घालून टबात ओतली तर दोन दिवसात हिरवा रंग गायब नि नाकात झोंबणारा वास. अमोनिया! शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड खातं, पाण्याचा पीएच चढतो (म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं), 9 च्या आसपास गेला की स्लरीतल्या अमोनियमचा अमोनिया होतो आणि तोच शेवाळाला मारतो, हे मला दुसरा टब मेल्यावर कळलं. शिवाय पाणी कोऱ्या चहासारखं काळं, उजेड खाली पोचणार कसा?

मग स्लरी दोन दिवस बादलीत निवळू दिली, वरचं पाणी आईच्या जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळलं (विचारलं नव्हतं, बोलणी खाल्ली) आणि 1 लिटरला 20 लिटर पाणी घातलं. टबात वीतभरच पाणी, फिशटँकचा एअर पंप चालू, दुपारी वर हिरवी नेट. आठव्या दिवशी ग्लासात घेतलं तर मस्त पोपटी, पलीकडची बोटं दिसेनात.

खायला मात्र नाही हां, शेणातले जंतू असतात त्यात. मी कुंड्यांनाच घालतो.