टीएसएच थोडा वाढलेला, अँटीबॉडी पॉझिटिव्ह: गोळी आताच सुरू करावी का?

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) सहा-सातच्या आसपास, फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) मर्यादेत आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह दिसले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो जन्मभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागेल का, हाच. अशा रिपोर्टमागे बहुधा हाशिमोटोचा आजार असतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते, अशा या आजाराचे वर्णन जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केले. ग्रंथीचे नुकसान बहुधा हळूहळू होते, त्यामुळे विचार करायला सहसा वेळ मिळतो.

एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. आजारपणानंतर टीएसएच काही काळ वाढलेला राहू शकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळेला तपासणी पुन्हा करावी. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारून ती किमान दोन दिवस आधी थांबवावी. बीड, धाराशिवकडच्या ज्या बायकांना दसऱ्यानंतर ऊसतोडीला जावे लागते, त्यांची दुसरी तपासणी हमखास राहून जाते. त्यांनी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावी रक्त द्यावे.

दुसऱ्यांदाही टीएसएच दहाच्या वर आला, तर बहुतेक डॉक्टर उपचार सुरू करतात. खरी अडचण साडेचार ते दहाच्या मधल्या पट्ट्यात आहे. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील वीस वर्षांच्या पाहणीत टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी शंभरात सुमारे चार जणींना पूर्ण हायपोथायरॉइडिझम (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडणे) झाला. म्हणजे धोका खरा आहे, पण घाईचा नाही. सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच पाहत थांबणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच असतो. अँटीबॉडीचा आकडा पुन्हा पुन्हा मोजण्यात मात्र पैसे घालवू नयेत, कारण गोळीचा डोस त्यावरून ठरत नाही.

दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल, तर हे थांबणे लागू होत नाही. लगेच डॉक्टरांना भेटावे. उलट, पासष्टीपुढच्या माणसांत सौम्य वाढीवर गोळी देऊन थकवा कमी झाला नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत दिसले.

थकवा हेच मुख्य कारण असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहावे. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असणे इतके सर्रास आहे, की सगळा दोष थायरॉइडवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

गोळी ठरलीच, तर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एका तासाने प्यावा. आपल्याकडे उठल्या उठल्या चहा लागतो, त्यामुळे नेमके हेच पथ्य मोडते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात बाटली खिडकीशी किंवा चुलीजवळ ठेवू नये. उष्णतेने औषधाचा गुण कमी होतो. हृदयविकार असल्यास सुरुवात कमी डोसने होते. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. केवळ लक्षणांसाठी गोळी सुरू केली असेल, तर टीएसएच मर्यादेत येऊन तीन-चार महिने झाल्यावरही फरक न पडल्यास ती बंद करता येईल का, हे डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवावे.