क्रॉनटॅबमधून बाहेर पडताना: डेटाच्या कामांसाठी मुक्तस्रोत ऑर्केस्ट्रेटर कसा निवडावा आणि कसा बसवावा

महापे, रबाळे, ऐरोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान कंपन्यांत डेटाचे काम बहुधा एकाच पद्धतीने सुरू होते. एक लिनक्स सर्व्हर असतो, क्रॉनटॅबमध्ये (कोणते काम कधी चालवायचे त्या यादीत) काही ओळी असतात आणि रात्री चालणाऱ्या पायथन किंवा शेल स्क्रिप्ट असतात. या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. क्रॉन १९७९ च्या युनिक्समध्ये होते आणि ठरलेल्या वेळी एखादे काम सुरू करण्यासाठी ते आजही भरवशाचे आहे. अडचण सुरू होते ती एक काम दुसऱ्यावर अवलंबून असते तेव्हा.

समजा, आपली कंपनी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील कांदा-बटाटा, भाजीपाला आणि फळांची रोजची आवक व दर गोळा करून घाऊक व्यापाऱ्यांना सकाळी अहवाल पाठवते. रात्री १ वाजता आदल्या दिवसाची फाइल उतरते, दीड वाजता तिची साफसफाई होते आणि २ वाजता सरासरी दर निघतात. एखाद्या रात्री नेटवर्क मंदावले आणि फाइल उतरायला पाऊण तास लागला, तर दुसरे काम अर्धवट फाइल उचलते आणि तिसरे काम चुकीचा दर बिनतक्रार छापते. क्रॉनच्या लेखी तिन्ही कामे वेळेवर झालेली असतात, कारण क्रॉनला वेळ कळते, परंतु कामांचे परस्परावलंबन कळत नाही.

या उणिवेवर गेल्या काही दशकांत वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. परस्परावलंबन ओळखून कामे क्रमाने चालवणाऱ्या अशा साधनाला ऑर्केस्ट्रेटर म्हणतात. साधन निवडण्यापूर्वी ती क्रमाने समजून घ्यावीत, कारण प्रत्येक साधनाच्या सवयी त्याच्या जन्मकाळच्या अडचणीतून आलेल्या असतात. अवलंबनाचा आलेख लिहून त्यानुसार कामे चालवण्याची कल्पना १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या मेक या साधनात होती, पण ते प्रोग्राम बांधण्यासाठी होते, रोजच्या डेटासाठी नव्हते. हडूपच्या (मोठा डेटा अनेक यंत्रांवर हाताळणाऱ्या प्रणालीच्या) काळात याहूमधून ऊझी आणि लिंक्डइनमधून अझ्काबान ही साधने आली. ऊझीत कामांची साखळी एक्सएमएलमध्ये लिहावी लागे आणि साखळी मोठी झाली की ती वाचणेच जिकिरीचे होई. स्पॉटिफायने २०१२ मध्ये खुल्या केलेल्या लुइजीने साखळी पायथनमध्ये आणली आणि एक सुंदर नियम रूढ केला: कामाचे फलित आधीच अस्तित्वात असेल, तर ते काम पुन्हा करायचे नाही. मात्र लुइजीला स्वतःचे घड्याळ नव्हते, त्यामुळे ते सुरू करायला बहुधा क्रॉनच लागत असे.

माक्सिम बोशमिन यांनी २०१४ मध्ये एअरबीएनबीमध्ये एअरफ्लो लिहायला घेतले, तेव्हा घड्याळ, आलेख, नोंदी आणि प्रत्येक कामाची स्थिती दाखवणारा पडदा हे सारे एकत्र आले. एअरफ्लो २०१५ मध्ये सार्वजनिक झाले, २०१६ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली गेले आणि २०१९ च्या जानेवारीत त्याला स्वतंत्र, उच्चस्तरीय प्रकल्पाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीने एकाच वेळी अनेक शेड्यूलर (कामे वेळेवर सुरू करणारे भाग) चालवण्याची सोय दिली आणि एप्रिल २०२५ मधील तिसऱ्या आवृत्तीने डॅगच्या (पायथनमध्ये लिहिलेल्या कामांच्या साखळीच्या) आवृत्त्या जपण्याची सोय देऊन अंतर्गत रचनाही बरीच बदलली. दरम्यान डॅगस्टर या साधनाने प्रश्नच उलटा विचारला: ‘कोणते काम चालवायचे?’ याऐवजी ‘कोणते तक्ते ताजे असायला हवेत?’ हा विचार इतका पटण्याजोगा होता की २०२२ मध्ये एअरफ्लोच्या २.४ या आवृत्तीतही डेटासेट आले आणि तिसऱ्या आवृत्तीत त्यांनाच अॅसेट म्हटले जाऊ लागले. प्रीफेक्टने साध्या पायथन फंक्शनलाच प्रवाहाचे रूप दिले. आर्गोने प्रत्येक पायरी कुबरनेटीसमधील (अनेक यंत्रांवर प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीतील) कंटेनर, म्हणजे स्वयंपूर्ण बांधलेला प्रोग्राम, म्हणून चालवली.

आधी स्क्रिप्ट, मग साधन

ऑर्केस्ट्रेटर बसवण्यापूर्वी आपल्या स्क्रिप्ट पुन्हा चालवण्याजोग्या करून घ्याव्यात. माझ्या मते संपूर्ण स्थलांतरातले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच पुढे ढकलले जाते. ऑर्केस्ट्रेटर अपयशी काम पुन्हा चालवतो. पण स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालल्यावर तक्त्यात त्याच ओळी दुप्पट होत असतील, तर ही सोयच नुकसान करते.

त्यासाठी प्रथम स्क्रिप्टमधून ‘आज’ ही कल्पना काढून टाकावी. संगणकाची सध्याची तारीख विचारणारी प्रत्येक ओळ शोधावी आणि ज्या दिवसाचा डेटा हवा आहे ती तारीख स्क्रिप्टला बाहेरून द्यावी. दुसरे म्हणजे, तक्त्यात नुसती भर घालण्याऐवजी त्या तारखेच्या ओळी आधी पुसाव्यात आणि नव्या ओळी त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (सारे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही अशा टप्प्यात) लिहाव्यात, म्हणजे काम मध्येच तुटले तरी जुना डेटा शाबूत राहील. फाइल लिहिताना ती तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे; वरच्या उदाहरणातील अर्धवट फाइलचा धोका एवढ्यानेच टळतो. बाजारातून आलेली मूळ फाइल तारखेनुसार, काहीही न बदलता जपून ठेवावी, कारण साफसफाईचा नियम चुकल्याचे पुढे लक्षात आले, तर तिच्यावरूनच सारे पुन्हा उभे करता येते.

मग तपासणी करावी. एकच तारीख देऊन स्क्रिप्ट दोनदा चालवावी आणि ओळींची संख्या व एकूण आवक दोन्ही वेळा तंतोतंत सारखी येते का ते पाहावे. त्यानंतर मागच्या महिन्यातली एखादी तारीख द्यावी. या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेली स्क्रिप्ट कोणत्याही ऑर्केस्ट्रेटरखाली नीट चालते, आणि उद्या साधन बदलावे लागले तरी हे श्रम वाया जात नाहीत.

निवड

चार-पाच जणांच्या चमूने, विशेष कारण नसल्यास, एअरफ्लो घ्यावे. ते एका कंपनीच्या नव्हे तर फाउंडेशनच्या हाती आहे, त्याच्या जोडण्या असंख्य आहेत आणि त्यावर काम केलेली माणसे ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यात सहज भेटतात. आपली सारी कामे आधीच कुबरनेटीसवर असतील, तर आर्गो अधिक सरळ पडेल. आपल्या कामाचा गाभा म्हणजे एकमेकांवर उभे असलेले शेकडो तक्ते असतील, तर डॅगस्टरचा गंभीरपणे विचार करावा. क्रॉनटॅबमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा ओळीच असतील, तर क्रॉन सोडूच नये.

एअरफ्लो बसवताना

सुरुवातीला एकच सर्व्हर पुरतो. एअरफ्लोच्या अंतर्गत नोंदींसाठी एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस केवळ चाचणीपुरता ठेवावा आणि प्रत्यक्ष वापरासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्यावा. कामे त्याच यंत्रावर चालवणारा लोकल एक्झिक्युटर दीर्घकाळ पुरेसा ठरतो. कामे अनेक यंत्रांवर वाटणारे सेलरी किंवा कुबरनेटीस एक्झिक्युटर भार खरोखर वाढल्यावरच आणावेत. पिप या पायथनच्या साधनाने बसवताना प्रकल्पाने दिलेली कन्स्ट्रेंट फाइल (जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) अवश्य वापरावी, अन्यथा पॅकेजांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळत नाहीत.

भारतीय वेळेचा प्रश्न येथे विशेष काळजीने हाताळावा लागतो, कारण एअरफ्लो अंतर्गत सर्व वेळा यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) ठेवते. डॅगच्या प्रारंभ तारखेला एशिया-कोलकाता हा वेळविभाग दिला की काम आपल्या रात्री २ वाजता सुरू होते खरे. परंतु टेम्प्लेटमधून (एअरफ्लो आपोआप भरते त्या जागांतून) मिळणारी तारीख यूटीसीचीच असते, आणि आपल्याकडे ११ जूनच्या रात्रीचे २ वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत १० जूनच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत चालणाऱ्या प्रत्येक कामाला हा फरक लागू पडतो. म्हणून तारीख तशीच न वापरता आधी भारतीय वेळेत बदलून घ्यावी.

त्यात आणखी एक गुंता आहे. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत रोजच्या कामाची लॉजिकल तारीख (एअरफ्लो त्या कामावर नोंदवते ती) त्या कालखंडाच्या सुरुवातीची असे, म्हणजे ११ जूनला चाललेल्या कामावर १० जूनची मोहोर असे. तिसऱ्या आवृत्तीत क्रॉनच्या भाषेत वेळापत्रक दिल्यास मूळ सेटिंगनुसार ही तारीख काम सुरू होण्याच्या वेळेचीच असते. जुना डॅग न तपासता नव्या आवृत्तीवर नेला, तर कोणतीही त्रुटी न दाखवता तो वेगळ्याच दिवसाचा डेटा आणू शकतो. आवृत्ती बदलताना या एका गोष्टीची चाचणी हाताने करावी. मागील सर्व तारखा आपोआप चालवणारा कॅचअप पूर्वी मुळातच सुरू असे आणि तिसऱ्या आवृत्तीत तो बंद असतो; तरीही प्रत्येक डॅगमध्ये तो स्पष्ट लिहावा.

पुन्हा प्रयत्न करण्याची सोय केवळ नेटवर्कसारख्या तात्पुरत्या अडचणींसाठी वापरावी: दोन किंवा तीन प्रयत्न, मध्ये वाढत जाणारे अंतर. डेटाच चुकीचा असेल, तर प्रयत्न वाढवून तो सुधारत नाही. त्यासाठी साफसफाईनंतर एक स्वतंत्र तपासणी ठेवावी, जी ओळी शून्य असल्यास किंवा दर अशक्य असल्यास साखळी थांबवेल. बाजार बंद असलेल्या दिवशी मात्र काम अपयशी न ठरवता वगळलेले दाखवावे. दर सुट्टीला खोटा इशारा येऊ लागला, तर खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी पाहत नाही.

डॅगची फाइल एअरफ्लो वारंवार वाचते, त्यामुळे तिच्या मुख्य भागात डेटाबेसला प्रश्न विचारू नयेत. एका टास्ककडून दुसऱ्याकडे एक्सकॉममधून (टास्कमध्ये छोटी माहिती देण्याच्या सोयीतून) फाइलचा मार्ग पाठवावा, फाइलमधला डेटा नव्हे.

स्थलांतर एका वेळी एकाच साखळीचे करावे. आठवडाभर जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवावी, नव्या पद्धतीचे निकाल वेगळ्या तक्त्यात लिहावेत आणि रोज जुळवून पाहावेत. ते सलग जुळले की क्रॉनटॅबमधली ओळ बंद करावी. अहवाल सकाळी ठरलेल्या वेळी तयार आहे की नाही, हे पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट मात्र एअरफ्लोच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, कारण शेड्यूलरच बंद पडला तर तो स्वतःविषयी इशारा देऊ शकत नाही.

पोस्टग्रेसमधील अंतर्गत नोंदींचा रोज बॅकअप घ्यावा. आवृत्ती बदलण्यापूर्वी तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून तेथे बदल करून पाहावा. काही महिन्यांनी या नोंदी फुगतात आणि पडदा उघडायला वेळ लागू लागतो. तेव्हा जुन्या नोंदी साफ करण्यासाठी एअरफ्लोत डीबी क्लीन ही आज्ञा आहे. ती आधी ड्राय रनच्या पर्यायासह चालवून काय पुसले जाणार आहे ते वाचावे आणि मगच प्रत्यक्ष चालवावी.