रुग्णालयातून परतलेल्या ज्येष्ठांना पुन्हा दाखल करावे लागू नये म्हणून

वृद्धाश्रमात परतलेल्या आजोबांना महिनाभरात पुन्हा रुग्णालयात हलवावे लागते, तेव्हा दरवेळी नवा आजारच झालेला असतो असे नाही. कधी एकच औषध दोनदा दिले जाते, कधी पाणी पोटात कमी जाते, तर कधी वाढत चाललेली धाप कोणाच्या लक्षात येत नाही. यातले बरेचसे टाळता येते. पहिले तीन दिवस सर्वांत नाजूक असतात.

डिस्चार्जआधी फोन. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर विसंबू नका. वृद्धाश्रमाच्या नर्सने वॉर्डातल्या नर्सशी थेट बोलावे. शेवटचा डोस किती वाजता दिला? अँटिबायोटिक कधीपर्यंत चालू ठेवायचे? कोणते रिपोर्ट यायचे आहेत? लघवीची नळी असेल तर ती कधी काढायची? सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी डिस्चार्ज मिळत असेल, तर दोन दिवसांची औषधे हातात पडल्याशिवाय निघू नका.

औषधांची यादी त्याच दिवशी जुळवा. खरी मेहनत इथेच आहे. दाखल होण्यापूर्वीची यादी, रुग्णालयात दिलेली औषधे आणि आताचे प्रिस्क्रिप्शन शेजारी शेजारी मांडा. प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘डोस बदलला’ असे लिहा. ब्रँडचे नाव न पाहता आतला घटक पाहा, कारण दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे, इन्सुलिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांबाबत शंका उरली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. पण डोसची वेळही टळू देऊ नका, फोन लगेच करा. वॉर्डात तात्पुरती सुरू केलेली झोपेची गोळी पुढे महिनोन्महिने चालू राहते आणि मग तोल जाऊन पडणे आले. ती अजून हवी आहे का, हे मुद्दाम विचारा.

पहिल्याच दिवशी नोंदी घ्या. वजन, ताप, बीपी, नाडी, मिनिटाला किती श्वास आणि माणूस नेहमीइतका सावध आहे का, हे लिहून ठेवा. म्हातारपणी संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. म्हणून तोंडात मोजलेले 37.8 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमान, किंवा नेहमीपेक्षा 1.1 अंशाहून अधिक वाढ, हाही तापच समजा. मिनिटाला 25 किंवा अधिक श्वास दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवा. हृदय कमकुवत असेल तर रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते.

मदतनिसांचे ऐका. आंघोळ घालणाऱ्या आणि भरवणाऱ्या व्यक्तीला फरक सर्वांत आधी जाणवतो. ‘आज गप्प आहेत’, ‘अर्धेच जेवले’ ही वाक्ये नोंदवहीत उतरली पाहिजेत आणि नर्सने त्याच पाळीत जाऊन पाहिले पाहिजे. वृद्धाश्रमातून रुग्णालयात हलवण्याची वेळ कमी यावी म्हणून अमेरिकेत चालणाऱ्या ‘इंटरॅक्ट’ कार्यक्रमात यासाठी ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचा छोटा तक्ता वापरतात. साधी वहीही चालते, वाचणारा मात्र हवा.

डॉक्टरांना फोन करताना ‘बरे दिसत नाहीत’ एवढेच सांगितले, तर ‘घेऊन या’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आता काय घडते आहे, आधीचे आजार कोणते, मोजमापे काय आली आणि तुम्हाला काय हवे आहे, या क्रमाने सांगा. तपासणी, औषध किंवा सलाइन जागेवरच देता येईल का, हेही विचारा.

रोजची काळजी. जेवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. दात, जीभ आणि कवळी रोज स्वच्छ करा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील 11 वृद्धाश्रमांच्या अभ्यासात, अशी निगा राखलेल्यांमध्ये न्यूमोनिया कमी आढळला होता. पाण्यावर डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर थोडे थोडे, वारंवार द्या. लघवीला वास आला म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका. त्रास नसतानाही अनेक वृद्धांच्या लघवीत जंतू सापडतात.

इच्छा आधीच विचारा. पुन्हा रुग्णालयात जायचे का, कोणत्या उपचारांपर्यंत जायचे, हे स्वतः ज्येष्ठांशी, कुटुंबाशी आणि डॉक्टरांशी शांत वेळी बोलून लिहून ठेवा. रात्री दोनला हा प्रश्न कुणालाच झेपत नाही. मात्र छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, पडल्यावर पाय टेकता न येणे अशी लक्षणे दिसली, तर लिहून ठेवलेली इच्छा वेगळी नसल्यास, थांबून पाहणे धोक्याचे, लगेच हलवा.

तरीही कोणाला हलवावे लागलेच, तर आठवडाभरात सगळ्यांनी बसून आधीच्या तीन दिवसांच्या नोंदी वाचाव्यात आणि पहिली खूण कधी दिसली होती ते शोधावे. दोष द्यायला बसलात, तर पुढच्या वेळी नोंदीच मिळणार नाहीत.