डिस्क उघडते, पण तिच्यावर लिहिता येत नाही तेव्हा

यावल-रावेर पट्ट्यात केळीचे हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली असतील, तर उबुंटूत नोंदींची डिस्क उघडते, मात्र काही जतन करू पाहिल्यास कधी कधी परवानगी नाकारली जाते. अशा वेळी सर्वप्रथम डिस्कवरील फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, एक्सफॅट, ईएक्सटी४ की एनटीएफएस आहे ते पाहावे, कारण उपाय त्यावरच ठरतो.

एक्सफॅटमध्ये फाइलची मालकी नोंदवण्याची सोयच नसते, त्यामुळे तेथे मालकी बदलणारी ‘चाउन’ (chown) आज्ञा निरुपयोगी ठरते. डिस्क माउंट करतानाच, म्हणजे प्रणालीला जोडतानाच, कोणती डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ (fstab) फाइलमधील तिच्या ओळीत आपला यूआयडी (uid, वापरकर्त्याचा क्रमांक), जीआयडी (gid, गटाचा क्रमांक) आणि यूमास्क (umask, कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा अंक) ०२२ लिहावा, म्हणजे आपल्याला लिहिता येते व इतरांना केवळ वाचता येते. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याचा यूआयडी सहसा १००० असतो. ईएक्सटी४ डिस्कवर मात्र हे पर्याय चालत नाहीत. तेथे माउंट केल्यानंतर फोल्डरची मालकी बदलावी. सर्वांना ७७७ परवानगी, म्हणजे वाचणे, लिहिणे व चालवणे यांची पूर्ण मुभा, देणे सोपे वाटले, तरी हिशेबाच्या फाइलींसाठी ते मुळीच योग्य नाही.

एनटीएफएस डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडत असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. बाहेरून जोडलेल्या डिस्कच्या ‘एफएसटॅब’मधील ओळीत ‘नोफेल’ (nofail) अवश्य लिहावे, अन्यथा ती जोडलेली नसताना संगणक सुरू होतानाच अडकू शकतो. बदल केल्यावर, रीस्टार्ट करण्यापूर्वी, ‘माउंट -ए’ (mount -a) ही आज्ञा चालवून चूक आहे का ते तपासावे.