१०८ रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊन १०८ च्या गाडीवर रुजू झालेल्या तरुण डॉक्टरांचा सुरुवातीला असा समज असतो की, हे काम मुख्यतः धावपळीचे आहे. रायगड आणि रत्नागिरीच्या सीमेलगत, मुंबई-गोवा महामार्गाजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात उभ्या असणाऱ्या गाडीवर काम केल्यानंतर मला ठामपणे वाटते की, वेग सांभाळायला पायलट, म्हणजे गाडीचा चालक, समर्थ असतो; डॉक्टरचे काम निर्णयाचे आहे, आणि त्यातला सर्वांत अवघड निर्णय रुग्णाला कुठे न्यायचे हा असतो.

या सेवेची पार्श्वभूमी नवागतांना माहीत असावी. १०८ हा क्रमांक प्रथम ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाला. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये राज्य शासन आणि भारत विकास ग्रुप यांच्या भागीदारीतून ही मोफत सेवा उभी राहिली, तेव्हा ९३७ गाड्या ठरल्या होत्या. त्यांपैकी २३३ व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असलेल्या प्रगत, तर ७०४ मूलभूत सोयींच्या. फोन पुण्यातील औंध येथील नियंत्रण कक्षात घेतला जातो आणि तेथून सोयीची गाडी पाठवली जाते. अन्य अनेक राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे मात्र डॉक्टर असतो, आणि म्हणूनच आपल्याकडून केवळ रुग्ण पोहोचवण्याची नव्हे, तर वाटेतच उपचार सुरू करण्याची अपेक्षा आहे. कोकणातल्या डोंगरावरच्या वाड्यांतून अजूनही रुग्णाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. म्हणजे आपल्या हाती तो येतो, तेव्हा पुष्कळ वेळ आधीच गेलेला असतो.

ड्यूटीवर येताच ऑक्सिजन पाहावा, आणि तोही केवळ सिलिंडर जागेवर आहे एवढेच पाहून थांबू नये. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असताना त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला १० लिटर लावल्यास तो अडीच तास पुरतो. काटा निम्म्यावर असेल, तर सव्वा तासच. घाटात ट्रक उलटून रस्ता अडला, तर हा सव्वा तास कुठे संपेल, याचा हिशेब निघण्यापूर्वीच मनात झालेला असला पाहिजे. सक्शन, म्हणजे घशातला स्राव ओढून काढणारे यंत्र, चालू करून पाहावे, प्रसूतीचे किट उघडून नाळेच्या क्लॅम्पा मोजाव्यात, आणि हे सर्व आधीच्या शिफ्टचे डॉक्टर जाण्यापूर्वी त्यांच्यासमोर करावे.

आमच्या भागात पावसाळा म्हणजे सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांची लक्षणे पाठ असणे पुरेसे नाही, तर त्यांवरून दिशा ठरवता आली पाहिजे. फुरसे किंवा घोणस चावल्यावर रक्त गोठेनासे होते, आणि अशा रुग्णाला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात लवकरात लवकर दाखल करणे हेच हिताचे असते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण सहज दिसत नाही, वेदनाही फारशी नसते, आणि पहाटे घरचे लोक ‘पोटात दुखतंय, उलटी झाली’ एवढेच सांगतात. अशा वेळी रुग्णाला वर बघायला सांगावे. पापण्या जड होऊन मिटत असतील, तर श्वास कधीही मंदावू शकतो हे गृहीत धरून प्रतिसर्पविषाची पहिली मात्रा जवळच्या केंद्रात सुरू करून घ्यावी, आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पुढे नेण्याची व्यवस्था त्याच वेळी लावावी. दंशावर करकचून बांधलेली दोरी मात्र घाईने सोडू नये. शिरेत सलाइन लागल्यावर, श्वासाकडे लक्ष ठेवून ती सोडावी. विंचूदंशाबाबत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या वापरावर केलेले काम प्रत्येकाने वाचावे. आपल्याच मातीत, अपुऱ्या साधनांत केलेले निरीक्षण किती जीव वाचवू शकते, हे त्यातून कळते.

नातेवाईक अनेकदा ओळखीच्या दवाखान्याचे नाव घेऊन अडून बसतात. त्यांच्याशी वाद न घालता तेथे कोणती सोय नाही, हे एका वाक्यात सांगावे आणि गाडी निघाल्यावर लगेच पुढच्या रुग्णालयाला फोन करावा. त्या फोनवर वय, दंशाची किंवा अपघाताची वेळ, रक्तदाब, श्वासाची स्थिती आणि दिलेली औषधे एवढेच सांगावे. असा फोन गेलेला असेल, तर दारात स्ट्रेचर आणि सिस्टर तयार असतात. नसेल, तर अपघात विभागातल्या गर्दीत मोलाची मिनिटे निघून जातात.

पायलट बहुतेक वेळा स्थानिक असतो आणि कोणत्या वाडीत गाडी वळते, कोणता साकव पाण्याखाली जातो, हे त्याला नकाशापेक्षा नीट माहीत असते. वयाने मोठ्या पायलटला दादा म्हणावे आणि रस्त्याच्या बाबतीत त्यांचा शब्द मानावा. मात्र मागे सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबणे, चालू असताना गाडी सावकाश हाकायला सांगणे, हा अधिकार आपला आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल देणे हे वळणावळणाच्या रस्त्यावर फार कठीण जाते.

अपघाताच्या जागी मदत करणारे लोक पोलिसांच्या चौकशीला भिऊन मागे सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण दिले आहे आणि नाव सांगण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही, हे आपणच त्यांना सांगावे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंडाची तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे.

केस सोडल्यावर लगेच नोंद पूर्ण करावी. कॉल आल्याची, घटनास्थळी पोहोचल्याची, निघाल्याची आणि रुग्ण ताब्यात दिल्याची वेळ, घेणाऱ्या डॉक्टरांची सही, आणि रुग्ण आपल्याकडे आला तेव्हा शुद्धीवर होता की नाही, हे स्पष्ट अक्षरांत लिहावे. मेडिको-लीगल प्रकरणात काही वर्षांनी न्यायालयात बोलावणे आले, तर हाच कागद आपल्याला आणि त्या रुग्णाच्या घरच्यांना उपयोगी पडतो.