दुकानाच्या क्यूआर कोडमध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता कसा घालावा

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारांसाठी आम्ही हापूसच्या दोन हजार पेट्या छापून घेतल्या होत्या. झाकणावर क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की बागेची माहिती, आंबा घरी कसा पिकवायचा आणि पुढची ऑर्डर कुठे द्यायची हे दिसणार होतं. कोड मी इंटरनेटवरच्या एका मोफत सेवेवर बनवला होता. पेट्या मुंबई-पुण्यात पोचू लागल्या आणि बागायतदारांचा फोन आला, "अहो, गिऱ्हाईक म्हणतंय, स्कॅन केल्यावर कसली तरी पैसे भरायची जाहिरात येते."

त्या सेवेची मोफत मुदत चौदा दिवसांची होती आणि ती संपली होती. कोडमध्ये बागेचा पत्ता नव्हताच, होता तो त्या सेवेचा. पुढचे तीन दिवस घरची सगळी माणसं पडवीत बसून उरलेल्या झाकणांवर स्टिकर चिकटवत होती. गेलेल्या पेट्यांचं काहीच करता आलं नाही. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून सगळी पद्धत इथे पहिल्यापासून लिहितो आहे.

आधी कोडच्या पोटात काय असतं ते समजून घ्या

क्यूआर कोड म्हणजे चौकटींत लिहिलेला मजकूर. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. छापलेल्या चौकटी म्हणजेच तो पत्ता, त्यामुळे छपाईनंतर तो बदलत नाही. 'डायनॅमिक कोड' म्हणून जे विकलं जातं त्यात जादू काही नसते. कोडमध्ये एक छोटा पत्ता असतो आणि तिथे आलेल्या माणसाला तो पत्ता पुढे खऱ्या पानावर पाठवतो. खरं पान कधीही बदलता येतं. युक्ती उत्तम आहे. पण तो मधला छोटा पत्ता कोणाच्या मालकीचा, हे आधी विचारा.

दुसऱ्याच्या पत्त्यावर किती भरवसा ठेवायचा, याचं मोठं उदाहरण गूगलचंच आहे. लिंक छोटी करणाऱ्या त्यांच्या सेवेत मार्च २०१९ नंतर नव्या लिंक बनवता येईनाशा झाल्या. जुन्या लिंकही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील असं त्यांनी जाहीर केलं आणि अगदी शेवटच्या महिन्यात वापरात असलेल्या लिंक चालू ठेवायचं ठरवलं. दरम्यान ज्यांच्या माहितीपत्रकांवर आणि पाट्यांवर त्या लिंक छापल्या होत्या, त्यांच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं.

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

आधीच वेबसाइट असेल तर नवं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, घ्यायची गरज नाही, पुढच्या पायरीवर जा. नसेल तर छोटं, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल असं नाव निवडा. मध्ये आडवी रेघ नको, आकडे नकोत. 'डॉट इन' चालतं, 'डॉट कॉम' मिळालं तर तेही चांगलं. पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. तो बहुतेक वेळा जास्त असतो.

यात मी सगळ्यात जास्त हट्ट धरतो तो एका गोष्टीचा: डोमेनचं खातं मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर उघडा. डिझायनर, भाचा, छापखान्यातला मुलगा यांच्या खात्यावर नको. माणूस कितीही भला असला तरी उद्या तो दुबईला गेला, त्याचा नंबर बदलला, की तुमच्या पाटीची किल्ली त्याच्या खिशात राहते.

देवनागरीतलं 'डॉट भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं. आपल्या भाषेतल्या नावाचा आनंद मोठा आहे, जरूर घ्या. फक्त कोडमध्ये रोमन पत्ताच घाला. देवनागरी पत्ता आतल्या आत रोमन अक्षरांच्या एका अगम्य माळेत रूपांतरित होतो. त्याने कोड दाट होतो आणि एखाद्या फोनवर गिऱ्हाइकाला ती माळच दिसते.

उपडोमेन जोडा

मुख्य वेबसाइटला हात न लावता कोडसाठी तिची एक छोटी शाखा काढा. समजा डोमेन 'अमुकबाग डॉट इन' आहे, तर कोडसाठी 'क्यू डॉट अमुकबाग डॉट इन'. ही शाखा कुठे न्यायची ते डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्तावहीत, लिहावं लागतं.

जिथून डोमेन घेतलं तिथे लॉगिन करा, डीएनएसचं पान उघडा, नवी नोंद जोडा. प्रकार 'सीनेम' निवडा, म्हणजे एक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी नोंद. नावाच्या रकान्यात फक्त 'क्यू' हे रोमन अक्षर आणि 'व्हॅल्यू'च्या रकान्यात लिंक-सेवेने दिलेला पत्ता (ही सेवा कोणती ते पुढच्या भागात येतं). साठवा. नोंद काही मिनिटांत लागू होते, कधी एखादा दिवस लागतो.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, नावाच्या रकान्यात अख्खा पत्ता टाइप करणं. बरीच पॅनेल डोमेन स्वतःहून पुढे जोडतात, मग नोंद 'क्यू डॉट अमुकबाग डॉट इन डॉट अमुकबाग डॉट इन' अशी दुहेरी होते आणि माणूस दोन दिवस का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतो. दुसरी चूक महागात पडते. कोणी 'नेमसर्व्हर बदला' म्हणालं तर थांबा. नेमसर्व्हर बदलला की पत्तावहीच बदलते आणि ईमेलच्या जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवल्या नसतील तर दुकानाची मेल बंद पडते. आपल्याला एका ओळीची भर घालायची आहे, तेवढीच घाला.

पुढे पाठवायची सोय करा

दोन रस्ते आहेत. बिटली, रिब्रँडली, शॉर्ट आयओ यांसारख्या सेवा स्वतःचं डोमेन जोडू देतात. लिंक बनवणं, बदलणं, मोजणं सगळं एका पानावर होतं. दुसरा रस्ता स्वतःच्या होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेचा. तिथे वरची नोंद सेवेऐवजी होस्टिंगकडे वळवायची आणि उपडोमेन होस्टिंगच्या पॅनेलमध्येही जोडायचं. साइट वर्डप्रेसवर असेल तर 'रिडायरेक्शन' नावाचं मोफत प्लगइन पुरतं आणि मग उपडोमेनही न काढता मुख्य पत्त्यापुढेच लिंक बनवता येते. महिन्याला दोनचार लिंक बदलणाऱ्या दुकानाला मी दुसरा रस्ता सुचवतो, कारण लिंक-सेवेची वर्गणी थकली म्हणून काही बंद पडत नाही. पाच-सहा शाखा असतील, जाहिराती रोज बदलत असतील तर सेवा घ्या. डोमेन तुमचं आहे तोवर सेवा बदलता येते: सीनेमची नोंद नव्या सेवेकडे वळवायची, त्याच नावांच्या लिंक तिथे पुन्हा बनवायच्या. छापलेल्या कोडला याची खबरही लागत नाही.

लिंक बनवताना ३०१ की ३०२ असा पर्याय दिसेल. ३०१ म्हणजे 'कायमचा मुक्काम हलला', ३०२ म्हणजे 'तूर्तास इकडे जा'. ३०१ दिलं तर फोनचा ब्राउझर नवं ठिकाण लक्षात ठेवतो आणि तुम्ही नंतर पान बदललं तरी जुन्याच पानावर नेऊ शकतो. आंब्याच्या पेटीचं घ्या. मे महिन्यात तो कोड ऑर्डरच्या पानावर जातो, जूनमध्ये पावसाने बाग उरकली की पुढच्या हंगामाच्या नोंदणीवर. म्हणून ३०२. प्लगइनमध्ये आपोआप ३०१ निवडलेलं असतं, ते हाताने बदला.

पत्ता 'एचटीटीपीएस'नेच सुरू व्हावा, नाहीतर ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो आणि गिऱ्हाईक मागे फिरतं. त्यासाठी लागणारं सुरक्षा-प्रमाणपत्र लिंक-सेवा सहसा आपोआप लावतात. स्वतःच्या होस्टिंगवर लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र उपडोमेनसाठीही लावलंय ना, ते पाहून घ्या.

लिंकला नाव जागेवरून द्या

पेटीला 'पी१', दुकानाच्या पाटीला 'बी१', व्हिजिटिंग कार्डाला 'सी१', सगळं रोमनमध्ये. 'दिवाळीऑफर' असं नाव दिलंत तर दिवाळी संपल्यावर तेच कार्ड लोकांच्या पाकिटात राहतं. प्रत्येक जागेचं नाव वेगळं असलं की कुठून किती लोक आले तेही आपोआप कळतं. ही नावं एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा: नाव, कुठे छापलं, किती प्रती, आता कुठे जातं. सेवा बदलायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

कोड बनवताना अक्षरं मोजा

छोट्या पत्त्याचा फायदा छपाईत डोळ्यांना दिसतो. 'क्यू डॉट अमुकबाग डॉट इन'पुढे 'पी१', एचटीटीपीएस धरून, २३ अक्षरांचं होतं. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (काही भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा म्हणून त्यात ठेवलेली सोय) ते २५ गुणिले २५ चौकटींत मावतं. माणूस कोणत्या जाहिरातीतून आला ते सांगणाऱ्या खुणा जोडलेली दीडशे अक्षरांची लिंक थेट कोडमध्ये घातली तर ४९ गुणिले ४९ चौकटी लागतात. तीन सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्याची एक चौकट १.२ मिलिमीटरची, दुसऱ्याची जेमतेम ०.६. पुठ्ठ्यावर शाई थोडी पसरतेच. १.२ ची चौकट ते सोसते, ०.६ ची शेजारच्या चौकटीत मिसळते. त्या खुणा हव्याच असतील तर छोट्या लिंकच्या पलीकडे, शेवटच्या पानाच्या पत्त्यात जोडा.

आणखी एक जुगत आहे. पूर्ण पत्ता रोमन कॅपिटल अक्षरांत लिहिला तर कोड तो कमी जागेत साठवतो. वरचाच २३ अक्षरांचा पत्ता कॅपिटलमध्ये दिला की तेवढ्याच चौकटींत वरची दुरुस्ती-पातळी बसते. मध्यम पातळीत सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, वरच्या पातळीत २५ टक्के. ओल्या हातांनी हाताळल्या जाणाऱ्या पेटीला हा फरक मोलाचा आहे. डोमेनला लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण त्यापुढच्या 'पी१'ला पडू शकतो. म्हणून लिंक बनवतानाच ते कॅपिटलमध्ये बनवा.

मध्यभागी लोगो घालायचा मोह होतो. मी घालत नाही. लोगो चौकटी झाकतो आणि दुरुस्तीची ताकद त्यातच खर्च होते. त्यापेक्षा कोडखाली ठळक अक्षरांत पत्ता छापा. कॅमेरा रोखल्यावर फोनवरही डोमेनचं नाव दिसतं. खाली छापलेलं आणि वर दिसलेलं नाव एकच असलं की गिऱ्हाईक बिनधास्त बोट लावतं.

छपाई

छापखान्याला फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो फ्लेक्सवर ताणला की कडा विस्कटतात. गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. उलट रंगसंगती काही फोन वाचत नाहीत. चारही बाजूंना चार चौकटींएवढी कोरी जागा सोडा. डिझायनर तिथे हटकून बॉर्डर आणतात, तेव्हा प्रूफवर हे स्वतः तपासा. आकाराचा अंदाज अंतराच्या दहाव्या हिश्शाने धरतात: हातातल्या पेटीला तीन सेंटिमीटर चांगले, तर दोन मीटरवरून स्कॅन व्हायच्या पाटीला वीस सेंटिमीटर.

प्रूफ पडद्यावर पाहून मंजूर करू नका. खऱ्या पुठ्ठ्यावर एक प्रत काढून घ्या, जुना स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, संध्याकाळच्या उजेडात स्कॅन करा. चकचकीत लॅमिनेशन असेल तर ट्यूबलाइटखालीही करून पाहा.

कोणत्या कोडला हात लावायचा नाही

गल्ल्यावरचा यूपीआयचा कोड वेगळा. त्यात वेबसाइटचा पत्ता नसून पैसे कोणाला द्यायचे त्याचा तपशील असतो. तो बँकेने किंवा अ‍ॅपने दिला तसाच ठेवा, आपल्या कोडपासून लांब ठेवा, आणि दोन्हींवर 'पैसे देण्यासाठी' आणि 'माहितीसाठी' असं मराठीत लिहा. बिल्डर असाल तर महारेराचा कोडही तसाच. १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत तो बंधनकारक आहे आणि प्रकल्पाला महारेराने दिलेलाच कोड छापायचा असतो.

दुकान उघडताना पाटीवरच्या कोडवरून बोट फिरवायची सवय लावा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन, सॅन अँटोनियो या शहरांत पार्किंगच्या मीटरवर भामट्यांनी स्वतःच्या कोडचे स्टिकर चिकटवले होते. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयलाही अशा कोडबद्दल सावधगिरीची सूचना काढावी लागली. कोडखाली तुमचं डोमेन छापलेलं असेल तर असा स्टिकर लवकर ओळखू येतो.

नूतनीकरणाची तारीख

स्वतःचं डोमेन घेतलं की राखणही आपलीच. जर्मनीत हाइन्झ कंपनीने केचपच्या बाटल्यांवर लेबल-स्पर्धेचा कोड छापला होता. स्पर्धा संपली, डोमेनची मुदत संपली, कंपनीने ते सोडून दिलं, आणि दुसऱ्या कोणी ते घेतलं. २०१५ मध्ये एका ग्राहकाने घरातली बाटली स्कॅन केली तर अश्लील साइट उघडली. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. माल घराघरांत किती काळ राहतो याचा हिशेब करून त्याच्याही पुढची चार-पाच वर्षं डोमेन भरून ठेवा. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्याला जोडलेलं कार्ड बदललं की तिथेही बदला.

त्या बागायतदारांकडे आता माळ्यावर प्रत्येक हंगामाची एकेक रिकामी पेटी ठेवलेली असते. मार्चमध्ये पहिली गाडी भरायच्या आधी त्यांची सून सगळ्या पेट्या खाली काढते, एकेक कोड स्कॅन करते, आणि वहीत त्या पेटीपुढे तारीख टाकते.